यारिगाताके : शेवटचे शंभर मीटर आणि त्याआधीची वीस किलोमीटरची वाट

गेल्या अंकात जपानमधील गिरिभ्रमणाविषयी लिहिताना आम्ही असे विधान केले होते की, सह्याद्रीत नियमित भटकंती करणाऱ्या निरोगी माणसाला जपानच्या उत्तर आल्प्समधील यारिगाताके हे ३१८० मीटर उंचीचे शिखर दोर न बांधता आणि वाटाड्या न घेता गाठता येते. या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली तेवढी उरलेल्या सबंध लेखावर आली नाहीत. काहींना ते वाक्य उत्साहवर्धक वाटले, तर काहींनी ते बेजबाबदार ठरवले. त्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : यारिगाताकेची छायाचित्रे पाहिली. शिखर म्हणजे अक्षरशः भाल्याचे टोक आहे आणि त्यावर साखळ्यांना धरून माणसे लटकलेली दिसतात. मी आणि माझी पत्नी कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड असे ट्रेक करतो, परंतु कातळारोहण आम्हाला येत नाही. अशा माणसांना हे शिखर जमेल असे सांगणे योग्य आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे, म्हणून आधी त्या टोकाविषयीच सविस्तर सांगतो. शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३०८० मीटर उंचीवर, यारिगाताके सान्सो नावाचे मोठे विश्रामगृह आहे. त्याच्या अंगणातून उरलेला सुळका डोळ्यांसमोर उभा असतो आणि तो जेमतेम शंभर मीटर उंच आहे. मोठी सॅक विश्रामगृहातच ठेवून, डोक्यावर हेल्मेट चढवून आणि दोन्ही हात मोकळे ठेवून लोक वर निघतात. चढण्याची आणि उतरण्याची वाट बहुतेक ठिकाणी वेगवेगळी आखलेली आहे. कातळावर रंगाने बाण आणि वर्तुळे काढलेली आहेत. जिथे जायचे नाही तिथे फुली मारलेली आहे. पावलांना आधार हवा अशा जागी लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आहेत, उभ्या भागात साखळ्या आहेत आणि अगदी शेवटी दोन लांब शिड्या लागतात. त्या शिड्या संपल्या की आपण माथ्यावर असतो. गर्दी नसेल तर वर जायला अर्धा तास पुरतो आणि उतरायलाही तेवढाच लागतो.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्या आपण चढला आहात, त्यामुळे शिडीची भीती आपल्याला नसावी. फरक आहे तो दृष्टिभयाचा. यारीच्या शेवटच्या शिडीवर पायाखाली पाहिले तर कित्येक शे मीटर खालची दरी दिसते आणि वारा शिडीसह आपल्यालाही हलवू पाहतो. ज्यांना अशा जागी हातपाय गळाल्यासारखे होतात, त्यांनी अंगणातून शिखराला नमस्कार करून परत फिरण्यात काहीच कमीपणा मानू नये. बाकीच्यांनी तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हात किंवा पाय उचलायचा नाही, हा कातळटप्प्याचा नेहमीचा नियम पाळला आणि वरच्या माणसाच्या पायाखालून सुटणाऱ्या दगडाकडे लक्ष ठेवले, तर हे शंभर मीटर कठीण नाहीत.

आमच्या मते या शिखराची खरी परीक्षा त्या टोकावर होत नाही. कामिकोची या पायथ्याच्या ठिकाणाची उंची सुमारे १५०० मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोडीच कमी. तिथून शिखरापर्यंतची निव्वळ चढाई १६८० मीटरची आहे, तर समुद्रसपाटीपासून मोजलेली कळसूबाईची एकूण उंची १६४६ मीटर आहे. हे अंतर एका बाजूने वीस किलोमीटरांहून अधिक आहे, आणि तेवढेच परत यायचे आहे. अपघातांची कारणे पाहिली तर सुळक्यावरून पडणाऱ्यांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष वेधून घेतात ते थकलेले, उशीर झालेले, उतरताना पाय घसरलेले आणि पावसात भिजून गारठलेले लोक. तेव्हा भाल्याच्या टोकाची धास्ती घेण्याऐवजी घड्याळाची धास्ती घ्यावी, हे आमचे म्हणणे कायम आहे.

प्रश्न : या शिखरावर जाण्याच्या निदान चार-पाच वाटा नकाशावर दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने कोणती निवडावी आणि दिवस कसे आखावेत? — एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्यांदा जाणाऱ्याने कामिकोचीहून यारिसावा खोऱ्यातून जाणारी वाटच घ्यावी. तोक्योच्या शिन्जुकू स्थानकातून मात्सुमोतोला जलद गाडीने साधारण पावणेतीन तास लागतात. तिथून छोट्या रेल्वेने शिन-शिमाशिमा आणि पुढे बसने कामिकोची. खासगी मोटारींना कामिकोचीत बाराही महिने बंदी आहे, त्यामुळे मोटारीने येणाऱ्यांनाही सावान्दो किंवा हिरायू येथे गाडी ठेवून बस घ्यावी लागते.

पहिल्या दिवशीची वाट आजूसा नदीच्या काठाकाठाने जाते. म्योजिन, तोकुसावा आणि योकोओ असे टप्पे साधारण तासातासाच्या अंतराने येतात आणि प्रत्येक ठिकाणी विश्रामगृह, पाणी व शौचालय आहे. योकोओपर्यंतचे अकरा किलोमीटर इतके सपाट आहेत की, आपण डोंगर चढायला आलो आहोत याचाच विसर पडावा. अनेकांची फसगत इथेच होते, कारण सोपी वाट पाहून ते रेंगाळतात. योकोओच्या पुढे काही अंतरावर यारिमी-गावारा नावाची जागा आहे. तिथे नदीपात्रातून डाव्या बाजूला झाडांच्या आणि सोंडांच्या फटीतून शिखराचे टोक क्षणभर दिसते आणि ते इतके दूर असते की तिथेच पुढच्या दिवसाचा अंदाज येतो. पहिला मुक्काम १८२० मीटरवरील यारिसावा लॉजवर करावा. कामिकोचीहून इथवर पाच तास धरावेत.

दुसऱ्या दिवशी १२६० मीटरची चढाई आहे. बाबादाइरा हे तंबूंचे मैदान मागे टाकले की खोरे रुंद होते, झाडे खुजी होत जातात आणि ओमागारी या वळणानंतर उभी चढण सुरू होते. जुलैच्या मध्यापर्यंत या भागात बर्फाचे पट्टे ओलांडावे लागतात. वरच्या घसाऱ्यात विश्रामगृहापर्यंत उरलेले अंतर दगडांवर रंगाने लिहिलेले आहे. १५००, १२५०, १०००, ७५० असे आकडे उतरत जातात. हवा विरळ असते, पाऊल जड झालेले असते आणि दोन आकड्यांमधले अडीचशे मीटर संपता संपत नाहीत. हे आकडे धीर देण्यासाठी लिहिले आहेत की चिडवण्यासाठी, यावर जपानी गिर्यारोहकांतही एकमत नसावे. पाच ते सहा तासांत आपण खांद्यावर पोहोचाल. हवा स्वच्छ असेल तर त्याच दुपारी माथा गाठावा, नसेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे. तिसऱ्या दिवशी कामिकोचीपर्यंत सात-आठ तास उतरायचे आहे आणि शेवटच्या बसची वेळ आधीच माहीत करून घ्यायची आहे.

ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा सुट्टी भरपूर आहे, त्यांनी याच वाटेला आणखी एक मुक्काम जोडावा. ज्यांना अनुभव आहे त्यांच्यासाठी ‘ओमोते गिन्झा’ ही धारेवरची वाट अधिक देखणी आहे. नाकाबुसा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणाहून कास्सेन सोंडेने चढायचे, त्सुबाकुरो शिखराजवळ मुक्काम करायचा आणि पुढे जवळजवळ सर्व वेळ यारीचे टोक समोर ठेवून चालायचे, असा तो प्रवास आहे. या वाटेचा मोठा भाग शतकभरापूर्वी कोबायाशी किसाकू या स्थानिक शिकाऱ्याने बांधून काढला आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. मात्र अखेरच्या पूर्वेकडील धारेवर साखळ्या आणि शिड्या पुष्कळ आहेत. गिफू प्रांताच्या बाजूने शिन-होताकाहून येणारी वाट अंतराने कमी, पण पावसात ओढे फुगले की अडकवणारी आहे.

दोन वाटांविषयी मात्र स्पष्ट नकार देतो. यारीहून दक्षिणेला होताका शिखरांकडे जाणारी दाइकिरेत्तोची खिंड आणि उत्तरेकडून शिखरावर येणारी किताकामा धार. पहिलीवर साखळ्या तरी आहेत. दुसरीवर आखलेली वाटच नाही. तिथे कातळारोहणाचे तंत्र आणि वाट शोधण्याचे कौशल्य दोन्ही लागते. एकट्याने हिवाळी चढाया करण्यासाठी जपानभर नावाजलेला काटो बुन्तारो १९३६च्या जानेवारीत याच धारेवर आपल्या साथीदारासह मरण पावला.

प्रश्न : या शिखरावर पहिला माणूस एक इंग्रज पाद्री चढला आणि त्यानेच या पर्वतांना ‘जपानी आल्प्स’ हे नाव दिले, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. हे बरोबर आहे का? — एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : या दोन्ही गोष्टी अनेक ठिकाणी अशाच सांगितल्या जातात, पण दोन्हींत दुरुस्ती हवी. ‘जपानी आल्प्स’ हा शब्द विल्यम गौलंड या इंग्रज धातुशास्त्रज्ञाचा. ओसाकाच्या सरकारी टांकसाळीत नोकरीला असताना त्याने जपानचे डोंगर पालथे घातले. १८७८ मध्ये तो यारीवर चढला आणि १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रवास-मार्गदर्शिकेत हा शब्द छापला गेला. वॉल्टर वेस्टन हे धर्मोपदेशक त्याच्यानंतर आले. १८९१ मध्ये त्यांना माघार घ्यावी लागली आणि १८९२ मध्ये ते शिखरावर पोहोचले. १८९६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे हे नाव जगभर गेले, म्हणून श्रेयही त्यांच्याच पदरात पडले.

पहिल्या चढाईचे श्रेय मात्र या दोघांच्याही कितीतरी आधीच्या एका जपानी भिक्षूला दिले जाते. बानऱ्यू यांचा जन्म १७८६ मध्ये एच्चू प्रांतात, म्हणजे आजच्या तोयामात झाला. अमिताभ बुद्धाचे नामस्मरण हीच साधना मानणाऱ्या पंथाचे ते होते आणि मठात स्थिर न राहता गुहांमधून व डोंगरांतून तपश्चर्या करीत ते हिंडत. १८२३ मध्ये त्यांनी कासागाताके या शेजारच्या शिखराची मोडलेली वाट पुन्हा उघडली. त्या शिखरावरून पूर्वेला पाहिले की समोर यारीचा सुळका दिसतो, आणि तो पाहिल्यावर तिथे बुद्धमूर्ती स्थापन करण्याचा संकल्प त्यांच्या मनाने घेतला, असे परंपरा सांगते. पायथ्याच्या ओगुरा गावातील नाकाता माताजूरो या माणसाला सोबत घेऊन त्यांनी आधी वाट शोधली आणि १८२८ मध्ये माथा गाठून तिथे मूर्तींची स्थापना केली. यारिसावाच्या वरच्या भागात एका प्रचंड शिळेखाली त्यांच्या वास्तव्याची गुहा आजही वाटेवर लागते. मान वाकवूनच आत शिरावे लागते आणि दोन-चार माणसे बसली की ती भरते.

शिक्षक या नात्याने आपल्याला पुढचा भाग अधिक उपयोगी पडेल. बानऱ्यूंना एकट्याने शिखर गाठून थांबायचे नव्हते. गावकऱ्यांनाही वर येऊन दर्शन घेता यावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी सुळक्यावर आधी गवताचे जाड दोर लावले आणि नंतर भाविकांकडून लोखंड गोळा करून साखळी घडवली. तेवढ्यात तेनपो काळातला भीषण दुष्काळ पडला. शिखरावर माणसांचे पाय लागल्यामुळे डोंगरदेव कोपला, अशी समजूत पसरली आणि साखळी बसवण्याचे काम अडून राहिले. अखेर १८४० मध्ये ती साखळी कातळावर चढली आणि त्याच वर्षी बानऱ्यूंचे निधन झाले. आज ज्या साखळ्या धरून हौशी माणसे वर जातात, त्यांची सुरुवात पर्यटनातून झालेली नाही, ती दर्शनाच्या सोयीतून झालेली आहे. पंढरीची वाट माहीत असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

वेस्टन यांचे स्थानही लहान नाही. १९०२ मध्ये कोजिमा उसुई आणि ओकानो किन्जिरो हे दोन तरुण मोठ्या कष्टाने यारीवर चढून आले आणि नंतर ओकानो यांच्या हाती वेस्टन यांचे पुस्तक पडले. आपल्याआधी दहा वर्षे एक परदेशी माणूस तिथे जाऊन आला आहे, हे त्यांना त्यातून समजले. इतकेच नव्हे, तर तो आपल्याच योकोहामा शहरात राहतो हेही कळले. त्या ओळखीतून आणि वेस्टन यांच्या आग्रहातून १९०५ मध्ये जपानी अल्पाइन क्लबची स्थापना झाली. कामिकोचीत वेस्टन यांचे शिल्प आहे आणि जूनच्या पहिल्या रविवारी तिथे त्यांच्या नावाने उत्सव होतो. बानऱ्यूंचा पुतळा मात्सुमोतो रेल्वे स्थानकासमोर उभा आहे. घाईने बस गाठणाऱ्या बहुतेक परदेशी प्रवाशांच्या तो नजरेतून सुटतो.

प्रश्न : यारिगाताके हा ज्वालामुखी आहे का? त्याचा आकार लिंगाण्यासारख्या आपल्याकडील सुळक्यांप्रमाणेच तयार झाला असेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तो ज्वालामुखी नाही, पण त्याचा खडक ज्वालामुखीचाच आहे. सुमारे सतरा-अठरा लाख वर्षांपूर्वी या परिसरात प्रचंड उद्रेक झाले आणि त्यांतील तप्त राख व दगडांचे तुकडे एकमेकांत सांधले जाऊन कठीण खडक तयार झाला. नंतर हा सगळा भाग वर उचलला गेला. सह्याद्रीचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे, तेव्हा त्या मानाने हे पर्वत अगदी कोवळे म्हणायचे.

आकार मात्र बर्फाने दिला. हिमयुगात या शिखराच्या चहूबाजूंनी हिमनद्या वाहत होत्या. प्रत्येक हिमनदी आपल्या डोक्याकडचा कातळ पोखरत मागे सरकत गेली आणि मध्ये उरला तो हा सुळका. म्हणूनच त्याच्या पायथ्याशी चार दिशांना चार धारा फुटलेल्या दिसतात आणि धारांच्या मधली खोरी वाटीसारखी खोलगट आहेत. खडकातल्या उभ्या भेगांमुळे कडा अधिकच सरळ राहिल्या. आपल्याकडचे सुळके ऊन, पाऊस आणि वाहत्या पाण्याने घडवलेले आहेत, त्यामुळे रूप जवळचे असले तरी कारागीर निराळा आहे. यारिसावातून चढताना खोऱ्याचा तळ रुंद आणि भिंती उभ्या का आहेत, असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तरही हेच. वाटेपासून थोड्या अंतरावर तेन्गुहारा येथे हिमनदीने कोरलेल्या खोलगट भागात एक तळे आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात बर्फ वितळून ते मोकळे झाले की त्यात यारीचे उलटे प्रतिबिंब पडते. वेळ हाताशी असेल तरच तिकडे वळावे.

प्रश्न : मी तोक्योत नोकरी करतो. ऑगस्टमधील ओबोनच्या सुट्टीत चार दिवस मिळतात, तेव्हा मित्रांसह यारीला जाण्याचा बेत आहे. आयत्या वेळी जाऊन विश्रामगृहात जागा मिळते का? — एक वाचक, तोक्यो

उत्तर : जागा मिळेल असे गृहीत धरून जाऊ नये. पूर्वी न कळवता आलेल्या माणसालाही एका गादीवर दोघे-तिघे झोपवून सामावून घेण्याची पद्धत होती, परंतु करोनाच्या साथीनंतर बहुतेक विश्रामगृहांनी आगाऊ नोंदणी सक्तीची केली आहे. ओबोनच्या आणि ‘पर्वत दिना’च्या, म्हणजे ११ ऑगस्टच्या आसपासच्या जागा लवकर संपतात. दोन वेळच्या जेवणासह माणशी पंधरा-सोळा हजार येन धरून चालावे. त्यात मिळते ती सामायिक दालनातली एक गादी. खांद्यावरच्या विश्रामगृहात स्नानाची सोय नाही, दिवे लवकर मालवले जातात आणि पहाटे चारपासून सामान आवरण्याची खुडबुड सुरू होते. याची तक्रार करू नये. इथल्या प्रत्येक वस्तूची ने-आण हेलिकॉप्टरने होते आणि धुके असले की तेही येत नाही. वर वाहते पाणी नाही, पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते, आणि शौचालयासाठी नाणी जवळ ठेवावी लागतात.

आमचा सल्ला असा की, शक्य असेल तर सुट्टी सप्टेंबरमध्ये घ्यावी. ओबोनमध्ये सुळक्यावर रांग लागते आणि अर्ध्या तासाच्या चढाईला दोन-तीन तास लागल्याची उदाहरणे नवी नाहीत. साखळीला धरून, उन्हात किंवा वाऱ्यात एकाच पायरीवर ताटकळत उभे राहणे हे चढण्याहून अधिक थकवणारे आहे. जायचेच असेल तर विश्रामगृहात सकाळी न्याहारीच्या वेळी, लोक निघून गेल्यावर, माथा गाठावा; सूर्योदयाचा हट्ट सोडला तर अर्धी गर्दी टळते.

चढाईचा आराखडा सादर करणे ही निव्वळ औपचारिकता नाही. नागानो आणि गिफू या दोन्ही प्रांतांत यारीच्या वाटांसाठी तो नियमाने बंधनकारक आहे आणि गिफूत तो टाळल्यास दंडाची तरतूद आहे. सदस्यांची नावे, मुक्काम, वाट, परतीची तारीख आणि संपर्क एवढे त्यात भरायचे असते. ते ऑनलाइनही करता येते. त्याबरोबर डोंगरातील शोध व सुटकेचा खर्च देणारा विमा घ्यावा, कारण मदतीला येणाऱ्या खासगी पथकांचा खर्च सुटका झालेल्याकडून वसूल होऊ शकतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. विश्रामगृहात जेवणाचे काय करावे? इथून फराळाचे नेले तर चालेल का? — एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : विश्रामगृहाचे जेवण ठरलेले असते आणि त्यात बदल करून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. भात आणि लोणच्यासारख्या भाज्या मिळतात, परंतु मिसो सूप व उकडलेल्या भाज्यांतही बहुधा माशाचा अर्क असतो. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी नोंदणी करताना जेवण वगळावे आणि स्वतःचे न्यावे. जपानी गिर्यारोहक ‘अल्फा राइस’ नावाचा, शिजवून वाळवलेला भात नेतात. गरम पाणी ओतून पंधरा मिनिटांत तो तयार होतो. पाकिटावरचे घटक कोणा जपानी वाचता येणाऱ्याकडून तपासून घ्यावेत. लाडू, चिक्की, शंकरपाळे यांचा डोंगरात उत्तम उपयोग होतो, मात्र फळे, भाज्या आणि धान्य यांच्यावर जपानच्या सीमाशुल्क तपासणीत कडक निर्बंध आहेत, ते आधी पाहावेत. स्टोव्हची गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत. ती मात्सुमोतोत घ्यावीत.

प्रश्न : मे महिन्यात मुलांच्या शाळांना सुट्टी असते. तेव्हा यारीला जाता येईल का? नसेल तर योग्य काळ कोणता? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मे महिन्यात जाऊ नये. विश्रामगृहे एप्रिलच्या अखेरीस उघडतात, म्हणून अनेकांना वाट खुली झाली असे वाटते; परंतु त्या वेळी सगळे खोरे बर्फाखाली असते, हिमप्रपाताचा धोका असतो आणि बर्फकुऱ्हाड व बुटांना लावायचे लोखंडी काटे वापरता येणाऱ्यांचेच ते काम आहे. मुलांना घेऊन तर विचारही करू नये. जूनमध्ये पावसाळी काळ सुरू होतो आणि तो साधारण २० जुलैच्या आसपास संपतो. त्यानंतरचे दहा आठवडे हा आपल्यासारख्यांचा हंगाम. सप्टेंबरमध्ये वादळांचे अंदाज पाहावेत. सप्टेंबरच्या शेवटी उंचावरची झुडपे लाल-पिवळी होतात, पण रात्री पारा शून्याखाली जाऊ लागतो आणि ऑक्टोबरमध्ये एका दिवसात बर्फ पडून साखळ्यांवर काच बसल्यासारखी होते.

भर हंगामातही दुपार सांभाळावी लागते. सकाळी लख्ख असलेले आकाश अकराच्या सुमारास ढगाळते आणि दोन-तीनच्या दरम्यान गडगडाट सुरू होतो. धारेवर आणि त्यातही लोखंडी शिड्या असलेल्या सुळक्यावर विजेपासून लपायला जागा नसते. १ ऑगस्ट १९६७ रोजी याच रांगेच्या दक्षिण टोकाला, निशी-होताकाच्या धारेवर, मात्सुमोतोच्या एका शाळेची सहल परतीच्या वाटेवर असताना वीज कोसळली आणि ११ विद्यार्थी दगावले. जपानमध्ये पहाटे पाचला निघून दुपारी तीनच्या आत विश्रामगृहात पोहोचण्याचा जो आग्रह धरला जातो, त्यामागे हे अनुभव आहेत. तीननंतर आलेल्या पाहुण्याला तिथले कर्मचारी सौम्य शब्दांत, पण चांगलेच सुनावतात. आपल्याकडे रात्री उशिरा गडावर पोहोचून पिठले शिजवण्याची जी मौज आहे, ती इथे विसरावी.

प्रश्न : या भागात दिसणाऱ्या ‘राइचो’ पक्ष्याविषयी माहिती द्यावी. तो सहज दिसतो का? — एक पक्षीनिरीक्षक, रत्नागिरी

उत्तर : राइचो हा तितराच्या आकाराहून थोडा मोठा, उंच पर्वतांवर राहणारा पक्षी आहे आणि जपानने त्याला १९५५ मध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. वर्षातून तीन वेळा तो पिसे बदलतो. हिवाळ्यात पांढराशुभ्र आणि उन्हाळ्यात दगडांत मिसळून जाणारा करडा-तपकिरी. जमिनीलगत पसरणाऱ्या बुटक्या पाइनच्या जाळीत त्याचे घरटे असते. त्याची एकूण संख्या दोन हजारांच्या आत असल्याचे मानले जाते. गरुड-ससाण्यांच्या भीतीने तो स्वच्छ उन्हात दडून राहतो आणि धुके उतरले की वाटेवर येतो, म्हणून शिखरावरून काहीच न दिसलेल्या दिवशी राइचो दिसण्याची शक्यता अधिक. माणसाला तो फारसा बुजत नाही; याचा गैरफायदा घेऊन जवळ जाऊ नये आणि छायाचित्रासाठी वाटेच्या कडेच्या दोरीबाहेर पाऊल टाकू नये. खालच्या जंगलातील प्राणी आता वर सरकू लागले आहेत, हे त्याच्यापुढचे नवे संकट आहे. २०१५च्या ऑगस्टमध्ये उत्तर आल्प्समधील एका शिखरावर एका माकडाने राइचोचे पिल्लू पकडल्याचे संशोधकांनी प्रत्यक्ष पाहिले, तेव्हापासून त्या भागात माकडांना हुसकावण्याचे प्रयत्न सुरू झाले.

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे. तिला डोंगर चढवणार नाही, पण यारी पाहण्याची तिची फार इच्छा आहे. कामिकोचीतून शिखर दिसते का? — एक वाचक, सातारा

उत्तर : कामिकोचीच्या काप्पा पुलावरून दिसणारे उंच, दातेरी डोंगर होताका रांगेचे आहेत. पुष्कळ लोक त्यांनाच यारी समजून छायाचित्रे घेतात. यारी तिथून दिसत नाही. मातोश्रींना शिन-होताकाच्या रोपवेने न्यावे. हिरायूहून तिथे बस जाते. रोपवे दोन टप्प्यांचा आहे, दुसऱ्या टप्प्यातला पाळणा दुमजली आहे आणि वरचे स्थानक २१५६ मीटरवर आहे. त्याच्या गच्चीवरून उत्तरेकडे पाहिले की धारेच्या मागे यारीचे टोक ओळखू येते, आणि पश्चिमेला कासागाताकेही दिसते, जिथून बानऱ्यूंनी ते पाहिले होते. पहिल्या पाळण्याने जावे, कारण दहानंतर ढगांचा भरवसा नाही. वर ऑगस्टमध्येही शाल किंवा स्वेटर लागतो. गच्चीपर्यंत काही पायऱ्या आहेत. हिवाळ्यातही हा रोपवे चालतो, मात्र दरवर्षी देखभालीसाठी तो काही दिवस बंद ठेवतात, त्या तारखा निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.